मदत हवी आहे: ग्राम सुरक्षा यंत्रणेचा कॉल आमच्या फोनवर येत नाही

नमस्कार मंडळी, जुन्नर भागातलं गाव, चौफेर ऊस, त्यामुळे बिबट्याचं वेगळं सांगायला नको. ती ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे ना, टोल फ्री नंबरवर एकाने बोललं की त्याच्याच आवाजात सगळ्या गावाला एकदम कॉल जातो, तर परवा शेजाऱ्यांना कॉल आला पण आमच्या घरात एकाही मोबाईलवर नाही आणि आई त्याच टायमाला गोठ्यात धार काढत बसलेली! ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणतात पोलीस पाटलांकडे जा, तिथून परत ग्रामपंचायतीत. नंबर नेमका कुठं नोंदवायचा? बायकांचे पण टाकता येतात का, दिवसा घरी त्याच असतात. वनखात्याचा हेल्पलाइन नंबर १९२६ माहितीये, तो सोडून सांगा.