शब्दचर्चा : चीज 'मुरते' की 'पिकते', आणि बुरशीला बुरशी म्हणावे की नाही?

तळटीप :
फ्रेंच चीजची तोंडओळख करून देणाऱ्या एका छोट्या पुस्तिकेचे मराठी रूपांतर करताना दोन शब्दांवर संपादकांशी मतभेद झाला असून तो येथे मांडत आहे. पहिला शब्द 'आफिनाज'. साच्यातून काढलेले ताजे चीज तळघरात ठेवून ते वेळोवेळी उलटणे, घासणे, मिठाच्या पाण्याने पुसणे आणि हळूहळू त्याला चव आणणे, या सगळ्या कामाला फ्रेंचमध्ये हे नाव आहे, आणि ते करणाऱ्याला 'आफिनर' म्हणतात. मी 'मुरवणे' असे लिहिले होते, ते खोडून तेथे 'परिपक्वन' आले आहे. दुसरा शब्द तर साधा मराठीच आहे. 'कामाँबेर या मऊ चीजवर पांढरी, मखमली बुरशी धरते आणि ते सालीसकट खायचे असते' या माझ्या वाक्यातली 'बुरशी' काढून 'पांढरे आवरण' असे केले गेले, कारण 'बुरशी' वाचताच मराठी वाचक पुस्तिका मिटून ठेवील असे त्यांचे म्हणणे आहे. माझी अडचण अशी की पेनिसिलियम कामाँबेर्ती ही बुरशीच ते चीज घडवते. ती बाहेरून आत काम करत जाते, म्हणून अर्धवट तयार कामाँबेर कापले तर कडेला ते लोण्यासारखे मऊ आणि मध्यभागी खडूसारखे पांढरे, ठिसूळ दिसते. 'आवरण' म्हटले की वाचक ते सोलून टाकणार. जाणकारांचे मत हवे आहे.

कोकणपट्टी :
'परिपक्वन' हा शब्द स्वयंपाकघरात कोणीही उच्चारणार नाही, एवढे प्रथम नमूद करतो. परंतु 'मुरवणे'ही मला पटत नाही. लोणच्याच्या फोडीत मीठ आणि खार बाहेरून आत शिरतो, तेव्हा ती मुरते. कामाँबेरमध्ये जे घडते ते अढीत घातलेल्या आंब्यासारखे आहे: बाहेरून काही घालावे लागत नाही, योग्य उबेत वेळ दिला की फळ आपणहून बदलते आणि एका ठरावीक दिवसानंतर उतरते. 'पिकवणे' आणि 'अढी' हे दोन्ही शब्द आयते उपलब्ध असताना संस्कृतची उसनवारी कशासाठी?

ल्योंवासी :
कोकणपट्टी यांची अढी कामाँबेरपुरती चपखल आहे. ल्योंच्या बाजारात मी पाहतो ते असे: गिऱ्हाइकाने कामाँबेर मागितले की दुकानदार आधी विचारतो, 'आज रात्री खाणार की रविवारी?' मग तो पॉपलरच्या पातळ लाकडाची गोल डबी उघडतो, अंगठ्याने मध्यभागी आणि कडेला हलकेच दाबून पाहतो, झाकण लावून ती परत ठेवतो आणि दुसरी उचलतो. मध्यभाग कडेइतकाच दबला तर ते आजचे, मध्यभाग घट्ट लागला तर रविवारचे.

मात्र हाच शब्द सर्व चीजना लावता येणार नाही. ज्युरा पर्वतातील काँते घ्या. चाळीसेक किलोचे एकेक चाक, त्यासाठी सुमारे चारशे लिटर दूध, आणि नियमाने किमान चार महिने तळघरात. चांगली चाके वर्ष-दोन वर्षेही राहतात. या काळात ते मऊ पडत नाही, घट्ट होत जाते, आणि जुन्या काँतेत दाताखाली कचकन फुटणारे पांढरे कण येतात. ते मीठ नसून प्रथिने सुटी होऊन तयार झालेले टायरोसिनचे स्फटिक असतात. याला 'पिकले' म्हणणारा मराठी माणूस मला दाखवा. शिवाय 'बाहेरून काही घालावे लागत नाही' हेही पूर्ण खरे नाही. बर्गंडीतील एप्वासची साल 'मार' नावाची द्राक्षाच्या चोथ्याची दारू मिसळलेल्या पाण्याने पुन्हापुन्हा धुतात, त्यातूनच तिचा नारिंगी रंग आणि घर भरून टाकणारा वास येतो. रोकफोरला तर सुयांनी भोके पाडतात, म्हणजे हवा आत जाऊन निळी बुरशी पसरते. आणि 'राजकारणात मुरलेला माणूस' म्हणताना आपण त्याच्यात खार शिरला असे समजत नाही, दीर्घकाळ एका जागी राहून तो तयार झाला असे समजतो. माझ्या मते मऊ चीज पिकते आणि कठीण चीज मुरते.

शुद्धमती :
या सगळ्या चर्चेत मूळ शब्दच निसटतो आहे. 'चीज' आपल्याकडे आधीपासून आहे. गवई चीज मांडतो, कष्टांचे चीज होते. 'मुरलेली चीज' असे शीर्षक दिसले तर मी ते ख्यालावरचे पुस्तक समजेन. 'किलाट' हा जुना संस्कृत शब्द भावप्रकाशात दुग्धवर्गात आला आहे आणि त्याचा अर्थ नासलेले दूध शिजवून मिळणारा पिंड असा दिलेला आहे. तो का स्वीकारू नये?

सातारी :
कारण वाण्याच्या दुकानात जाऊन 'पाव किलो किलाट' मागण्याचे धैर्य शुद्धमतींनाही होणार नाही. शिवाय लिंगावरून अर्थ आपोआप वेगळा होतोच: गायची ती चीज आणि खायचे ते चीज. शुद्धतेचा हट्ट फ्रेंचांनी तरी कुठे धरला? लॅटिनमध्ये 'फोर्मा' म्हणजे साचा, त्यावरून 'साच्यात घातलेले' या अर्थी जुन्या फ्रेंचमध्ये 'फोर्माज' झाले, पुढे 'र' आणि 'ओ' यांनी जागा बदलल्या आणि 'फ्रोमाज' रूढ झाले. आपण नुकसानीचे 'नुस्कान' केले तर ते अडाणीपण ठरते आणि त्यांनी तेच केले तर ते प्रमाण भाषेत बसते.

शुद्धमती :
'नुस्कान' अद्याप कोशात प्रमाण म्हणून आलेले नाही, एवढीच नम्र नोंद करते. सालीबद्दल मात्र मूळ लेखकाशी मी सहमत आहे. 'आवरण' पुस्तकाला असते.

वऱ्हाडी बोली :
शुद्धमतींनी 'नासलेले दूध' असे लिहिले. आमच्या घरी दूध नासत नाही, फाटते. नासते ते फेकून देण्याजोगे, आणि पनीर करायला मुद्दाम लिंबू पिळले की ते फाटते. पुस्तिकेत कुठेही 'दूध नासवून' असे येऊ देऊ नये, अशी माझी विनंती आहे; एकीकडे बुरशी, दुसरीकडे नासके दूध, मग वाचकाने खावे तरी काय?

कोकणपट्टी :
'फाटणे' ही सरळ हिंदीची छाया आहे. कापड फाटते, आभाळ फाटते. दूध नासते, आणि ते मुद्दाम नासवता येते.

वऱ्हाडी बोली :
माझ्या आजीला हिंदी येत नव्हते.

अन्नपूर्णा :
फाटणे असो वा नासणे, बहुतेक फ्रेंच चीजच्या बाबतीत दोन्ही क्रियापदे अपुरी आहेत, कारण तेथे लिंबू पिळत नाहीत. दूध रेनेटने बांधतात, म्हणजे दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून काढलेल्या पाचकद्रव्याने. त्यामुळे दुधाचा चोथा न होता सलग, थरथरती कवडी बसते. नॉर्मंडीच्या कामाँबेरच्या नियमांत तर ही कवडी साच्यात डावाने भरावी, किमान पाच वेळा थोडी थोडी, मध्ये निथळू देऊन, असे स्पष्ट लिहिलेले आहे. कवडी मोडली की पोत बिघडतो. रेनेटसाठी काही अनुवादांत 'विरजण' वापरलेले मी पाहिले आहे आणि मला ते धोक्याचे वाटते. विरजण म्हणजे चमचाभर दही असे समजून शाकाहारी वाचक निर्धास्त खाईल. रोकफोर, काँते, नॉर्मंडीचे कामाँबेर ही नावाला कायद्याचे संरक्षण असलेली चीज वासराच्या किंवा कोकराच्या रेनेटनेच बनतात. संपादकांना वाचकाची एवढी काळजी असेल, तर त्यांनी बुरशी लपवण्याऐवजी रेनेटबद्दल एक ठळक वाक्य घालावे.

तळटीप :
रेनेटचे वाक्य घालतो. परंतु माझा मूळ प्रश्न बुरशीचा होता, आणि आता तो अधिकच अवघड झाला आहे, कारण पुढच्याच परिच्छेदात रोकफोर येते. काँबालू डोंगराच्या पोटातील गुहा, खडकांच्या भेगांतून वाहणारी थंड, दमट हवा, सहाव्या चार्ल्स राजाने 1411 मध्ये तेथील लोकांना दिलेला चीज मुरवण्याचा एकाधिकार, 1925 मध्ये मिळालेले कायद्याचे संरक्षण, हे सर्व लिहून शेवटी 'निळे आवरण' म्हणायचे काय? ते तर आत असते.

सातारी :
मुळीच म्हणू नये. 'बुरशी' हाच शब्द ठेवावा आणि लगेच पुढे तिचा वास अळंबीसारखा येतो असे लिहावे; तो खरोखरच तसा येतो. अळंबी चवीने खाणाऱ्याला बुरशीचे वावडे असण्याचे कारण नाही. घाण वाटते ती शब्दाला चिकटलेल्या शिळ्या भाकरीमुळे, आणि ती आठवण चार चांगल्या वाक्यांनी पुसता येते. नाही पुसली गेली, तर दोष अनुवादाचा.

शुद्धमती :
'किण्व' किंवा 'कवक' यांपैकी 'कवक' हा शब्द शास्त्रीय लेखनात रूढ आहे. तो तरी विचारात घ्यावा.

सातारी :
'पांढऱ्या कवकाने नटलेले चीज' हे वाक्य वनस्पतिशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत शोभेल.

ल्योंवासी :
पुस्तिकेत खाण्याची रीत असेल, तर तेथे एक शब्द फुकट मिळतो. ब्री या मऊ चीजच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकाला फ्रेंच लोकही 'नाक'च म्हणतात, आणि ताटातल्या ब्रीचे नाक कापून घेणे हा मोठा असभ्यपणा समजला जातो, कारण मधला सर्वांत चविष्ट भाग एकट्याने उचलला जातो आणि इतरांच्या वाट्याला साल उरते. सुरी टोकापासून सालीपर्यंत उभी चालवावी, म्हणजे प्रत्येकाला दोन्ही मिळते. 'ब्रीचे नाक कापू नये' हे वाक्य मराठीत जसेच्या तसे चालेल. तासभर आधी फ्रीजबाहेर काढण्याची सूचनाही विसरू नये; थंड चीजला वास नाही आणि वास नसेल तर चवही नाही. सौम्यापासून उग्राकडे जावे: आधी बकरीच्या दुधाचे सँत-मोर, मग ब्री, मग काँते, शेवटी एप्वास किंवा रोकफोर. जोडीला रेड वाइनच हवी हा गैरसमज आहे. काँतेला ज्युराचीच पिवळी वाइन आणि कामाँबेरला नॉर्मंडीची सफरचंदाची सायडर अधिक जुळते. काँतेची साल मात्र बाजूला काढावी.

अन्नपूर्णा :
म्हणजे कामाँबेरची 'साल' खायची आणि काँतेची 'साल' टाकायची. दोन्हींना एकच शब्द वापरून वाचकाचा गोंधळ होणार नाही का? मऊ चीजसाठी 'पापुद्रा' आणि कठीणसाठी 'साल' असा भेद करावा, असे मला वाटते.

कोकणपट्टी :
पापुद्रा सुटून येतो. कामाँबेरची साल सुटत नाही. पेरूचीही साल असते आणि केळ्याचीही. कोणती खायची हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही.

वऱ्हाडी बोली :
पुस्तिकेत रब्लोशाँ आहे की नाही? आल्प्समधल्या साव्वा प्रांताच्या बोलीतल्या 'ब्लोशे' या क्रियापदापासून, म्हणजे सडाला चिमटा घेऊन धार काढणे यापासून ते नाव आले. आरंभीचा 'र' म्हणजे पुन्हा. जमीनदाराचा कारभारी दूध मोजायला आला की शेतकरी अर्धीच धार काढत, आणि तो गेला की पुन्हा गाईखाली बसत. हे शेवटचे दूध जास्त सायीचे असते, त्याचेच हे चीज. आमच्याकडे गाय पान्हा चोरते. तिथे धार काढणाराच चोरत होता.

तळटीप :
रब्लोशाँ आहे, आणि संपादकांनी त्याच्या वर्णनातही 'धार' खोडून 'दोहन' केले आहे.