इंद्रियांना जोड द्यायची, ती कुठपर्यंत?

उघडाडोळा : चष्म्याला कोणी नावं ठेवत नाही. मग डोळ्यांना न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश टिपणारं यंत्र शरीरात बसवायचं म्हटलं की भुवया का वर जातात? नील हार्बिसनला जन्मापासून रंग दिसत नाहीत. २००४ साली त्याने कवटीत अँटेना बसवून घेतली. रंगाचा स्वर होतो आणि हाडातून ऐकू येतो. पुढे त्याने त्यात अवरक्त आणि अतिनीलही घेतलं. उणीव भरता भरता गडी आपल्या पुढे गेला! यात वाईट काय?

शंकासूर : चष्मा नाकावरून काढता येतो, हे सोयीस्कर विसरलात. आर्गस-२ हा अंधांच्या डोळ्यात बसवायचा कृत्रिम दृष्टिपटल घ्या. ६० इलेक्ट्रोड, म्हणजे नसांना विजेचे संकेत देणारे बारीक ठिपके, अमेरिकेत २०१३ साली मंजुरी. २०१९ मध्ये कंपनीने तो बनवणं थांबवलं. यंत्र लोकांच्या डोळ्यांत तसंच, दुरुस्तीला मात्र वाली नाही. फोन बंद पडला तर नवा घेऊ, डोळ्याचं काय करायचं?

आडवाट : आणि शेजारच्या टेबलावरचा बसवून आला की साहेब तुम्हालाही विचारणार, 'तुमचं कधी?' तेव्हा कसली आली हौस!

कानसेन : मला कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी आतल्या कानात बसवलेलं यंत्र आहे, म्हणून लिहिते. धडधाकट कानात साडेतीन हजारांच्या आसपास आतल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी असतात. माझं भागतं २२ इलेक्ट्रोडवर. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा सगळे पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलतायत असं वाटलं. काही आठवड्यांनी त्याच खडखडाटातून बहिणीचा आवाज वेगळा कळायला लागला. गाणं अजून शब्दांवरूनच ओळखते, चाल हाती लागत नाही. आधी गाणं नीट ऐकवा, मग वटवाघळाच्या कानांचं बघू.

उघडाडोळा : कानसेन, तुम्ही तर माझीच बाजू मांडलीत! मेंदू शिकतो. १९६९ मध्ये पॉल बाख-इ-रिटा या मेंदूशास्त्रज्ञाने अंध माणसांना दंतवैद्याच्या खुर्चीत बसवलं, पाठीशी ४०० थरथरते ठिपके. कॅमेऱ्यातलं चित्र पाठीवर उमटायचं. सरावाने त्यांना वस्तू पाठीवर नव्हे, समोर जाणवायला लागली. गंमत म्हणजे त्यासाठी कॅमेरा त्यांनी स्वतः फिरवावा लागे, दुसऱ्याने फिरवून भागत नसे.

शंकासूर : मेंदू शिकतो, कबूल. पण त्या खुर्चीतून उठता येत होतं हो!

कानसेन : माझंही अर्धं उठता येतं. आतल्या तारा आतच, कंपनीची काळजी मलाही आहे. पण आवाज टिपणारा बाहेरचा प्रोसेसर रात्री काढून उशाशी ठेवते. शेजारी कितीही घोरू दे, मी गाढ झोपेत. ही सोय आहे का तुमच्यापैकी कोणाकडे?