‘आइनटोप्फ’ला मराठीत काय म्हणाल?

मुक्काम_डॉर्टमुंड
शेजारच्या जर्मन आजींनी पांढऱ्या घेवड्याच्या आइनटोप्फची कृती लिफाफ्याच्या पाठीवर लिहून दिली. फडताळात असेल त्यातून होणारा पदार्थ. पाव किलो सुका घेवडा रात्री भिजत घालायचा, सकाळी मंद आचेवर ठेवायचा, अर्धाकच्चा झाला की त्यात बटाटे, गाजर, लीक, सेलरीचा कंद, तेजपत्ता. हवं तर धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा. खाली उतरवताना चमचाभर व्हिनेगर. फोडणी नाही, मसाला नाही.

नाशिकच्या बहिणीला मराठीत करून पाठवली. ‘आइन’ म्हणजे एक, ‘टोप्फ’ म्हणजे पातेलं. नेमका शब्द सुचेना म्हणून वर ‘मिश्र उसळ’ लिहिलं. बाईंनी मोहरी-हिंगाची फोडणी करून, गोडा मसाला घालून फोटो पाठवला: ‘तुझी जर्मन उसळ झक्क झाली.’ चूक माझीच, उसळ वाचल्यावर कुणीही तेलच तापवणार.

तर प्रश्न दोन. आइनटोप्फला काय म्हणू? आणि यात ‘बोनेनक्राउट’ नावाचा पाला पडतो, शब्दशः ‘घेवड्याचा पाला’, पण घेवड्याच्या वेलाचा नव्हे. त्याला काय म्हणू?

शुद्धमती
एकपात्री. पात्र म्हणजे भांडे. संस्कृतातून सरळ येते.

पेठकर
ताई, ‘आज रात्री एकपात्री आहे’ म्हटलं तर लोक तिकीट विचारतील. एकपातेली म्हणा.

गिरगावकर
पातेलं कशाला? टोप आहे की! एकटोप. टोप आणि टोप्फ सख्खे भाऊ दिसतात. आमच्या राजापूरच्या आजीकडे भाताचा टोप, आमटीचा टोप, दुधाचा टोप. पातेलं हा शब्द मी शाळेत गेल्यावर ऐकला. माझा अंदाज, बासेल मिशनचे जर्मन मंगळूरला उतरले, त्यांच्याकडून शब्द वर कोकणात सरकला.

पेठकर
पुण्यात टोप डोक्यावर घालतात. केसांचा. एकटोप म्हटलं की मला वाटीत केस दिसतो.

भाषावेडा
गिरगावकर, बासेल स्वित्झर्लंडात. मिशनरी बरेचसे जर्मन होते हे मान्य. पण ते मंगळूरला आले १८३४ साली आणि टोप त्याच्या कितीतरी आधीचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंग्यांना ‘टोपीकर’ म्हटलंय ते काय उगाच? डोक्यावरचा टोप आधी, तो उपडा केला की झालं भांडं, असं आपलं माझं मत. मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्या कौलांना आपण मंगलोरी म्हणतो. कौलं दिली तेवढं पुरे, टोपही त्यांच्या नावावर नको.

गिरगावकर
तुमचंही मतच, आमचंही मतच. उच्चार सारखा, अर्थ सारखा, आणखी काय हवं?

भाषावेडा
मधला धागा हवा. नुसत्या उच्चारावरून नातं लागत असतं तर आपली ‘आई’ आणि जर्मन ‘आय’ जुळल्या असत्या. आय म्हणजे अंडं.

कंदीपेढा
मूळ घोळ वेगळाच आहे. ‘पांढरा घेवडा’ वाचून नाशिकच्या ताईंनी नक्की काय आणलं? आमच्या कोरेगावकडे घेवडा म्हणजे वाघ्या घेवडा, अंगावर पट्टे असलेला, भौगोलिक मानांकन मिळालेला. पुण्यामुंबईत घेवडा म्हटलं की हिरवी शेंग, फरसबी. तिचेच वाळलेले दाणे म्हणजे राजमा, रंग कुठला का असेना. ही सगळी जात अमेरिकेतून आलेली. पावटा आणि वाल निराळे, ते आपल्याकडे फार जुने. आधी हे निस्तरा, मग टोपाचं बघू.

मुक्काम_डॉर्टमुंड
फोटो मोठा करून बघितला. कडवे वाल आहेत. सोललेले.

पेठकर
म्हणजे जर्मन आजींच्या नावावर डाळिंब्यांची उसळ खपली!

शुद्धमती
मुळात भांड्यावरून पदार्थाचे नाव ठेवणे मराठीला परके आहे. हंडी, कढई हे सगळे ढाब्यावरून आलेले. आपण आत काय आहे ते सांगतो. वरणफळे घ्या, तीही एकाच भांड्यात होतात.

भाषावेडा
थालीपीठ? पाटवडी?

शुद्धमती
पाट हे भांडे नव्हे.

भाषावेडा
बरं. पण ‘पारंपरिक आइनटोप्फ’ म्हणताना एक लक्षात असू द्या. पदार्थ जुना, हे नाव तेवढं जुनं नाही. ते घरोघर नेलं नाझींनी. १ ऑक्टोबर १९३३ पासून ‘आइनटोप्फ रविवार’ सुरू झाला. ऑक्टोबर ते मार्च, महिन्यातून एका रविवारी सगळ्यांनी एकाच भांड्यातलं साधं जेवायचं, माणशी फार तर ५० फेनिशमध्ये (तिकडचे पैसे), आणि वाचलेले पैसे दारात येणाऱ्याच्या डब्यात टाकायचे, हिवाळी मदतनिधीला. डूडेन या जर्मन शब्दकोशात हा शब्द दिसतो तो १९३४ च्या आवृत्तीत.

पेठकर
सोमवारचा उपास चालला असता, हा रविवार नको.

मुक्काम_डॉर्टमुंड
हे वाचून काल आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांची आई आइनटोप्फ कधी म्हणायचीच नाही, ‘दुर्शआइनांडर’ म्हणायची. म्हणजे एकात एक कालवलेलं, आणि नुसता गोंधळ असाही अर्थ. इकडे वेस्टफालियात घेवडा, नासपती आणि डुकराचं मांस घातलेल्या एका पदार्थाला ‘आंधळी कोंबडी’ म्हणतात. कोंबडी औषधालाही नाही. ‘आंधळ्या कोंबडीलाही कधी दाणा सापडतो’ अशी त्यांची म्हण आहे, तशी या कालवणात प्रत्येकाला आपल्या आवडीची एखादी फोड सापडते.

कंदीपेढा
मग सोपं आहे. गरगट म्हणा.

शुद्धमती
गरगट घोटलेले असते. इथे फोडी अख्ख्या आहेत. भोगीच्या भाजीला लेकुरवाळी म्हणतात, तो शब्द किती गोड आहे.

गिरगावकर
लेकुरवाळीत तीळकूट लागतं. डुकराचं मांस घालून ‘लेकुरवाळी’ म्हटलंत तर आमची आजी टोप फेकून मारेल.

पेठकर
पातेलं.

मुक्काम_डॉर्टमुंड
बोनेनक्राउटचं कुणी सांगेल का? दुसऱ्यांदा विचारतेय.

कंदीपेढा
वास कसा येतो?

मुक्काम_डॉर्टमुंड
बोटांत चुरडला की ओव्यासारखा, पण थोडा मिरमिरीत. बारीक लांबट पानं.

गिरगावकर
मग ओव्याची पानं घाला, ज्यांची भजी करतात ती. दोनच, जास्त नको. नाव ‘घेवडेओवा’ ठेवा.

शुद्धमती
असले संकर करण्यापेक्षा बोनेनक्राउटच लिहा.

पेठकर
स्क्रीनशॉट काढून ठेवतोय. शुद्धमतीताई परभाषेतला शब्द तसाच ठेवा म्हणाल्या.

मुक्काम_डॉर्टमुंड
ताजी बातमी. बहिणीने आज पांढरा राजमा आणून परत केलं. व्हिनेगर सुरुवातीलाच ओतलं. तीन तास झाले, दाणे खड्यासारखे.

कंदीपेढा
आंबट आधी पडलं की कडधान्य शिजत नाही, अगदी चिंच घातली तरी. आता कुकरला लावा म्हणावं.

शुद्धमती
पण मग ते एका पातेल्यातले राहिले कुठे?

मुक्काम_डॉर्टमुंड
बहीण विचारतेय, ‘किती शिट्ट्या?’

पेठकर
पाच. आणि नाव पंचशिट्टी.