मदत हवी आहे : 'थ्रोन ऑफ ग्लास' मालिकेच्या पूर्वकथा मुलांना आधी द्याव्यात की नंतर?

नमस्कार.

फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात आठवी ते दहावीच्या मुलामुलींचे एक वाचनमंडळ चालते. गणेश चवथीची सुट्टी संपल्यावर सारा जे. मास यांची 'थ्रोन ऑफ ग्लास' ही इंग्रजी अद्भुतकथांची मालिका वाचायला घ्यायची, असे यंदा मुलांनीच ठरवले आहे. मंडळाची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे सुरुवात कुठून करायची हे मला सांगावे लागणार आहे आणि नेमके तेच माझे ठरत नाही. मी स्वतः पहिल्या दोन कादंबऱ्या आणि पूर्वकथांचा संग्रह वाचला आहे, पुढचे काही वाचलेले नाही. म्हणून ज्यांनी पूर्ण मालिका वाचली आहे त्यांचे मत मला हवे आहे.

ज्यांना मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. मुख्य कादंबऱ्या सात आहेत. पहिली ऑगस्ट 2012 मध्ये आली आणि शेवटची, 'किंगडम ऑफ ॲश', 2018 मध्ये. नायिका सेलेना ही अदारलान राज्यातली नावाजलेली मारेकरी आहे. पहिली कादंबरी उघडते तेव्हा ती अठरा वर्षांची असून एन्डोव्हिअरच्या मिठाच्या खाणीत वर्षभर गुलामी भोगत असते आणि राजपुत्र तिला एका स्पर्धेसाठी तिथून बाहेर काढतो. ती त्या खाणीत कशी पोहोचली, हे पाच लघुकादंबऱ्यांत सांगितलेले आहे. त्या पाचही आता 'द असॅसिन्स ब्लेड' या चारशेहून अधिक पानांच्या एका पुस्तकात मिळतात.

माझी अडचण अशी आहे. आमच्याकडची बहुतेक मुले चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली आहेत आणि इंग्रजी माध्यमात ती पाचवीपासून आली. त्यांना इंग्रजी समजते, परंतु चारशे पानांची कादंबरी हातात घेतली की पन्नासाव्या पानापाशी निम्मी मुले गळतात, हा मंडळाचा आजवरचा अनुभव आहे. पूर्वकथा त्या मानाने सोयीच्या आहेत, कारण प्रत्येकीला स्वतःचा आरंभ आणि शेवट आहे, प्रसंग वेगाने घडतात आणि एक कथा संपवल्याचे समाधान मुलांना लवकर मिळते. म्हणून पूर्वकथा आधी द्याव्यात असे मनात येते. दुसरीकडे, अनेक वाचक बजावून सांगतात की हा संग्रह दुसऱ्या किंवा तिसऱ्या कादंबरीनंतरच वाचावा, कारण लेखिकेचे वाचक तिथवर पोचल्यावरच, म्हणजे मार्च 2014 मध्ये, तो प्रसिद्ध झाला आणि प्रकाशनाचा क्रम हाच वाचनाचा क्रम मानावा.

हा युक्तिवाद मला पुरता पटत नाही. पाचांपैकी चार लघुकादंबऱ्या जानेवारी ते जुलै 2012 या काळात, पहिल्या कादंबरीच्या आधी, सुट्या ई-पुस्तकांच्या रूपात आलेल्या होत्या. 2014 मध्ये नवीन असे काय आले, तर त्यांचे छापील एकत्र पुस्तक आणि पाचवी कथा, 'द असॅसिन अँड द हीलर', जी पुस्तकात मात्र दुसऱ्या स्थानी बसवलेली आहे. तेव्हा प्रकाशनाचाच क्रम प्रमाण मानायचा ठरवला, तर निदान चार पूर्वकथा सर्वांत आधी येतात. संग्रहाची तारीख आणि कथांची तारीख यांत गल्लत करून नियम सांगितला जातो, असे माझे मत आहे. अर्थात तारखांवरून वाचनाचा आनंद ठरत नाही, हेही मी मान्य करते.

खरा प्रश्न शेवटच्या पूर्वकथेचा आहे. (इथून पुढे कथानकाचा भाग येतो. ज्यांना मालिका वाचायची आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) सेलेनाचा साथीदार मारेकरी सॅम याचा मृत्यू आणि सेलेनाची अटक या गोष्टी मुख्य कादंबऱ्यांत उल्लेखांतून कळतातच, त्यामुळे त्या लपून राहत नाहीत. परंतु त्या कथेच्या शेवटी, हे सर्व कोणी घडवून आणले ते वाचकाला सांगितले जाते आणि सेलेनाला मात्र ते ठाऊक नसते. म्हणजे पूर्वकथा आधी वाचणारा मुलगा पहिली कादंबरी उघडतो तेव्हा नायिकेपेक्षा त्याला अधिक माहीत असते. हे चांगले की वाईट, ते पुढच्या कादंबऱ्यांवर अवलंबून आहे आणि त्या मी वाचलेल्या नाहीत.

यातून मला एक मधला मार्ग सुचला आहे. फक्त पहिली पूर्वकथा, म्हणजे 'द असॅसिन अँड द पायरेट लॉर्ड', मंडळात आधी वाचायची, त्यावर बोलायचे, मग पहिली कादंबरी घ्यायची आणि उरलेल्या चार पूर्वकथा नंतर योग्य वाटेल तिथे वाचायच्या. असा संग्रह तोडून वाचला तर चालतो का? आणि या पूर्वकथा आठवीच्या मुलांना देण्याजोग्या आहेत, असे आपल्याला वाटते का? कृपया सातव्या कादंबरीचा शेवट कोणी उघड करू नये.

प्रतिसाद, म्हापसा

ताई, संपूर्ण संग्रह आधी द्यावा आणि निर्धास्त असावे. पहिल्या कादंबरीतली सेलेना फार तोऱ्यात वागते आणि कपडे, मिठाई, पुस्तके यांच्यात रमते. ही जगातली सर्वांत भयंकर मारेकरी आहे, यावर विश्वास बसायला मला निम्मी कादंबरी लागली. माझ्या धाकट्या भावाने पूर्वकथा आधी वाचल्या होत्या. त्याला हा प्रश्न पडलाच नाही, कारण त्या तोऱ्यामागे काय दडले आहे ते त्याने आधीच पाहिलेले होते.

प्रतिसाद, मडगाव

मी सातही कादंबऱ्या वाचल्या आहेत आणि माझे मत वरच्या प्रतिसादाच्या विरुद्ध आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपला तारखांचा मुद्दा अचूक आहे. तरीही मी संग्रह तिसऱ्या कादंबरीनंतर, म्हणजे 'हेअर ऑफ फायर' संपल्यावर आणि 'क्वीन ऑफ शॅडोज' सुरू करण्यापूर्वी द्यावा असे सुचवेन, आणि त्याचे कारण तारखांमध्ये नाही. तिसऱ्या कादंबरीत नायिका राजधानी सोडून दूर गेलेली असते. चौथीत ती परत येते आणि तिचा जुना गुरू एरोबिन हॅमेल प्रथमच कथानकाच्या मध्यभागी येतो. पहिल्या तीन कादंबऱ्यांत तो बहुतांशी नावापुरता आहे. ज्याने पूर्वकथा वाचलेल्याच नाहीत, त्याला चौथीतला एरोबिन केवळ एक धूर्त खलपुरुष वाटतो. परंतु ज्याने त्या नुकत्याच वाचल्या आहेत, त्याला त्याच्या प्रत्येक गोड वाक्यातला काटा टोचतो, कारण पहिल्या पूर्वकथेच्या शेवटी त्याने सेलेनाला दिलेली शिक्षा आणि नंतर पाठवलेल्या भेटवस्तू त्याच्या स्मरणात ताज्या असतात. आपण ज्या गुपिताबद्दल विचारले आहे, त्याचा हिशेब चौथ्या कादंबरीतच होतो. ते गुपित तीन कादंबऱ्या मनात बाळगून मुलांनी थांबावे, ही अपेक्षा मला जड वाटते. मधल्या काळात ती ते विसरतील आणि नेमक्या क्षणी त्याचा उपयोग होणार नाही.

आधी कळले तर गोडी जाते, हा आक्षेप मात्र मी करणार नाही. आपल्याकडे जत्रेच्या रात्री देवळापुढच्या मांडवात पौराणिक नाटक बघायला बसलेल्या माणसाला अभिमन्यूचे काय होणार ते ठाऊक असतेच, तरी तो पहाटेपर्यंत उठत नाही. सॅमबद्दलही तसेच आहे. त्याचा मृत्यू माहीत असताना त्या कथा वाचल्या, तर त्याचा प्रत्येक विनोद वेगळा लागतो, आणि माझ्या मते तेच वाचन अधिक सकस होते.

प्रतिसाद, डिचोली

संग्रह तोडून वाचण्याबद्दल कोणी बोललेले नाही, म्हणून तेवढेच लिहिते.

पाच कथा एका साखळीत आहेत. पहिल्या कथेत सेलेना आणि सॅम समुद्री चाच्यांच्या बंदरावर थकलेली वसुली करायला जातात, ती वसुली गुलामांच्या रूपात असल्याचे त्यांना तिथे कळते आणि मग ती दोघे जे करतात त्याची शिक्षा म्हणून तिला वाळवंटात पाठवले जाते. दुसरी कथा त्या प्रवासातल्या एका खाणावळीत घडते, तिसरी प्रत्यक्ष वाळवंटात, आणि चौथी व पाचवी राजधानीत परतल्यावर. क्रम उलटापालटा करून चालणार नाही. परंतु पहिल्या कथेनंतर थांबता येते, कारण तिचा प्रश्न तिच्यातच सुटतो आणि आपण ज्या गुपिताला घाबरत आहात त्याचा मागमूसही तिच्यात नाही. 2012 च्या वाचकांनी तरी त्या सलग कुठे वाचल्या होत्या? एकेक कथा काही आठवड्यांच्या अंतराने येत होती. त्यामुळे आपला मधला मार्ग मला पटतो.

उरलेल्या चार कथा मात्र पाचव्या कादंबरीच्या आधी वाचून झाल्याच पाहिजेत. चाच्यांचा म्होरक्या रोल्फ आणि वाळवंटातली आन्सेल ही दोघेही 'एम्पायर ऑफ स्टॉर्म्स'मध्ये परत येतात. पूर्वकथा न वाचलेल्या मुलांना ही माणसे एकदम कुठून उगवली ते कळत नाही. आणि 'हीलर' ही सर्वांत छोटी कथा वगळण्याचा मोह होईल, तो टाळावा. तिच्यातली खाणावळीत राबणारी ईरीन सहाव्या कादंबरीत, 'टॉवर ऑफ डॉन'मध्ये, प्रमुख पात्र होते आणि सेलेनाने तिच्यासाठी ठेवलेली एक छोटी चिठ्ठी तिथे पुन्हा समोर येते. मी ती कथा वगळून पुढे गेलेल्या एका मैत्रिणीला पाहिले आहे. चिठ्ठीचा प्रसंग तिने वाचला आणि पान उलटले, तिला त्यात काही विशेष दिसलेच नाही.

धागाकर्ती

तिन्ही प्रतिसादांबद्दल आभार. मडगावच्या वाचकांचा एरोबिनबद्दलचा मुद्दा माझ्या लक्षात आलेला नव्हता आणि तो मला निर्णायक वाटतो. मुलांच्या वयाबद्दल मात्र अजून कोणी लिहिलेले नाही. मंडळात तेरा वर्षांची मुलेही आहेत आणि त्यांच्या पालकांना मला उत्तर द्यायचे आहे.

प्रतिसाद, मडगाव

पहिली पूर्वकथा तेरा वर्षांच्या मुलांना देण्यास हरकत नसावी. तिच्यात मारामारी आहे आणि गुलामगिरीचे वर्णन आहे, परंतु ते ज्या बाजूने लिहिले आहे ती बाजू स्पष्ट आहे आणि मंडळात बोलण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. शेवटची शिक्षा म्हणजे गुरूने शिष्येला केलेली मारहाण आहे, तेवढे पालकांना आधी सांगून ठेवावे. चौथ्या कथेत सतरा वर्षांच्या एका मुलीच्या पहिल्या रात्रीचा लिलाव होतो. प्रसंग सूचक ठेवलेला आहे, तरी आठवीच्या मुलांसमोर तो वाचताना आपल्याला अवघडल्यासारखे होईल. पाचवीत सॅमच्या देहावरच्या छळाच्या खुणांचे वर्णन येते आणि ते सौम्य नाही. या दोन कथा मी नववी-दहावीसाठी राखून ठेवल्या असत्या. चौथ्या कादंबरीपूर्वी त्या वाचायच्या ठरल्या, तर तोवर आत्ताची आठवी दहावीत गेलेली असेल, कारण मंडळाच्या गतीने तीन कादंबऱ्यांना तेवढा काळ लागणारच.

पुढच्या कादंबऱ्यांची काळजी वेगळी करावी लागेल. मालिका सुरू झाली कुमारवाचकांसाठी, परंतु पाचव्या कादंबरीत उघड शृंगारवर्णने आहेत. मंडळाने चौथीपाशी थांबावे आणि पुढचे ज्याने त्याने घरी, पालकांना विचारून वाचावे, असे मला वाटते. पाचवी आणि सहावी या कादंबऱ्या एकाच काळात, वेगवेगळ्या ठिकाणी घडतात आणि काही वाचक दोन्हींची प्रकरणे आलटून पालटून वाचतात, तोही उद्योग मंडळाला झेपणारा नाही.

धागाकर्ती

मग असे ठरवते. चवथीनंतर पहिल्या बैठकीत 'पायरेट लॉर्ड', त्यानंतर पहिल्या तीन कादंबऱ्या, मग 'हीलर'पासून उरलेल्या चार कथा सलग, आणि शेवटी चौथी कादंबरी. संग्रहाची एकच प्रत वाचनालयात आहे आणि पहिल्या बैठकीसाठी निदान चार प्रती लागतील. त्यांची चौकशी मी पणजीला पाटो येथील राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात करणार आहे. फोंडा किंवा डिचोली परिसरात कोणाकडे ही पुस्तके असतील आणि महिनाभरासाठी देता येणार असतील, तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा. पुस्तकांना कव्हर घालून परत देण्याची हमी माझी.