गाठ हलते म्हणजे काय?

ताई, तुमच्या चोवीस वर्षांच्या लेकीच्या स्तनातली गाठ 'बोटाखालून निसटते' असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून माझीच आठवण झाली. मला सत्ताविसाव्या वर्षी तशीच होती, रबरासारखी, न दुखणारी. रंकाळ्यावर फिरताना मैत्रिणीला सांगितलं तर तिनं लगेच कुठलासा लेप सुचवला. लेपबिप काही लावू नका, गाठ जात नाही आणि वेळ मात्र जातो.

माझी निघाली फायब्रोअॅडेनोमा. पंधरा ते पस्तीस वयात ही फार आढळते आणि ती कॅन्सर नसते. पण हे हातानं चाचपून ठरवायचं नाही. सर्जनची तपासणी, या वयात सोनोग्राफी, आणि गरज वाटली तर सुईनं तुकडा काढून तपासणी. माझी लहान होती, म्हणून काढली नाही, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली. भराभर वाढली किंवा तीनेक सेंटिमीटरच्या वर गेली, तर बहुधा काढायला सांगतात.

पाळीआधी दोन्हीकडे जडपणा, ठणका आणि पाळी आली की उतार, हे हार्मोन्सचं काम. मापाची, नीट आधार देणारी ब्रा घातली की बराच फरक पडतो. (आपल्याकडे दुकानात माप सांगायलाच लाजतात, तो वेगळा विषय.)

मात्र गाठ दगडासारखी घट्ट, एका जागी रुतलेली, कातडीला खळगा, निप्पल नव्यानं आत ओढलेलं किंवा त्यातून रक्त, यातलं काही असेल तर पाळीची वाट बघत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा.