२०१७ चे नियम, टीईटी आणि सीमाभागातली मराठी शाळा: कुठला पेपर द्यायचा?

खानापूर_तालुका
२००५ च्या सुमारास पहिली ते सातवीसाठी नेमणूक, नंतर बी.ए., बी.एड. अशा कर्नाटकातल्या सरकारी मराठी शाळेतल्या शिक्षकांबद्दल विचारतोय. राज्याच्या २०१७ च्या वृंद (केडर) व भरती नियमांनी त्यांना पीएसटी, म्हणजे पहिली ते पाचवीचे प्राथमिक शिक्षक ठरवलं. शिकवतात सहावी-सातवीलाही. पदवीधरांना वरच्या वर्गांच्या वृंदात घ्या ही शिक्षक संघटनेची मागणी मान्य झाली तर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) सुटेल का? नसेल तर पेपर कुठला?

सेवापुस्तक
नाही सुटणार. वृंदाचं भांडण राज्य सरकारशी आहे. १२ ऑगस्ट २०२४ ला बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कवर शिक्षक जमले ते त्यासाठीच: नियम मागच्या नेमणुकांना लावू नका, पदवीधरांना सेवाज्येष्ठता राखून सहावी ते आठवीच्या जीपीटी (पदवीधर प्राथमिक शिक्षक) वृंदात घ्या. टीईटी आली ती सुप्रीम कोर्टाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालातून. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरली असतील तर दोन वर्षांत पास व्हायचं. कमी उरली असतील तर नोकरी राहते, बढती मात्र टीईटीशिवाय नाही. म्हणून मागणीपत्रात ‘बढती’ नको, ‘विलीनीकरण’ लिहा. त्या एका शब्दावर पुढे सगळं अडेल.

पेपर १ पाचवीपर्यंतचा, पेपर २ सहावी ते आठवीचा. दोन्ही भरा. प्रत्येकी १५० गुण, उणे गुण नाहीत, सर्वसाधारण गटाला ६० टक्के लागतात. पेपर २ मध्ये ६० गुण गणित-विज्ञानाला किंवा समाजविज्ञानाला असतात, बी.ए.वाले बहुतेक इथेच कमी पडतात, कारण रोज शिकवतात ती भाषा. सीटीईटीला (केंद्राच्या टीईटीला) भाषा म्हणून मराठी घेता येते, पण बाकीचे प्रश्न हिंदी-इंग्रजीतच येतात.

चिकोडी_शैक्षणिक_जिल्हा
सर, त्याआधी एस.आर. (सेवापुस्तक) उघडून बघा. नोकरीत असताना घेतलेली पदवी तिथे चढलेली नसली तर जीपीटीत घ्यायच्या शिक्षकांची यादी निघेल तेव्हा नाव गळतं. पदवीचे विषय, वर्ष आणि परवानगीच्या आदेशाचा क्रमांक, तिन्ही हवेत. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात अर्ज कन्नडमध्ये द्या आणि पोचप्रतीवर इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय उठू नका.

निपाणी_वाचक
मागणी न्याय्य आहे, पण संघटनेने एक गोष्ट सोडलीय. समजा सातवीपर्यंतच्या शाळेत पहिली ते पाचवीत ७० मुलं आहेत. आरटीईप्रमाणे (शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे) त्यांना ३ शिक्षक हवेत. सहावी-सातवीला गणित-विज्ञान, समाजविज्ञान आणि भाषा यांना वेगळे. पदवीधर तेवढे वर घेतले आणि खालची पदं रिकामी राहिली, तर खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या शाळांत एकच बाई पाच इयत्ता सांभाळतील. कन्नड शाळेतले शिक्षक पाठवून हे भागत नाही, मुलांना मराठीतून शिकवणारं माणूस लागतं.

सेवापुस्तक
बरोबर. तालुका शाखेने माध्यमवार रिक्त पदांची यादी मागणीपत्राला जोडावी, मराठीची वेगळी. नाहीतर एकूण आकड्यात मराठी शाळांची रिकामी पदं दिसतच नाहीत.

खानापूर_तालुका
एस.आर.च्या नोंदी या आठवड्यात तपासायला सांगतो. रिक्त पदांच्या यादीचा नमुना कुणाकडे असेल तर इथे टाका.