पडक्या घराच्या विटांची खडी स्लॅबला चालेल का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं घर पलूस तालुक्यात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. २०१९ च्या पुरात सहा दिवस पाण्यात होतं. मागची पांढऱ्या मातीची भिंत तेव्हाच बसली. पुढची विटांची उभी राहिली, पण खालून कमरेइतका लोणा चढलाय. आता सगळं उतरवून दोन खोल्या आणि वर स्लॅब, असं आरसीसीत बांधायचं ठरलंय.

वडिलांचं म्हणणं, आजोबांनी स्वतः भट्टी लावून भाजलेल्या विटा आहेत, राड्यात फेकायच्या नाहीत. सात-आठ हजार निघतील. धाकट्या भावाने एक व्हिडिओ बघितलाय, बांगलादेशात म्हणे विटा फोडून त्याच खडीवर सहा-सहा मजले चढवतात. त्याच्या हिशोबाने आपल्याला आठ-नऊ ब्रास खडी फुकटात पडेल. मिस्त्री तर एका पायावर तयार आहे. म्हणतो, "निम्मी ही, निम्मी काळी घालू, कुणाच्या बापाला कळत नाही." त्या वाक्यापासून मला झोप नाही. जाणकारांनी सांगावं.

सेंट्रिंगवाला_बाळू:
घाला बिनधास्त. मी दोन-तीन लिंटेल (दारा-खिडकीवरच्या पट्ट्या) आणि एक छज्जा भरलाय असल्या खडीत, अजून एक तडा नाही. मालात दोन पाट्या सिमेंट जास्त टाकायचं, विषय संपला.

मालदा_रिटर्न:
बाळूशेठ, तीन-चार फुटांच्या गाळ्यावर विटांची भिंत स्वतःच कमान धरते, लिंटेलला फारसं काम उरत नाही. स्लॅबला असा कुणी सांभाळणारा नसतो. आणि त्या छज्जावर कुणाला चढू देऊ नका.

कृष्णाकाठ, मी मूळचा मिरजेचा, पण नोकरीची अकरा वर्षं बंगालच्या मालदा-मुर्शिदाबाद पट्ट्यात साइटवर गेली. तिकडे विटांच्या खडीला 'खोआ' म्हणतात. पहिल्या दिवशी मुकादमाने "दोन गाडी खोआ आला" म्हणून सांगितलं तेव्हा मला पेढेच आठवले. तर व्हिडिओ खोटा नाही. गंगेच्या गाळात कितीही खणा, दगड लागत नाही. काळी खडी आम्ही झारखंडमधल्या पाकूरहून आणायचो, बांगलादेशात सिल्हेटकडून येते, आणि वाहतुकीनेच माणूस मेटाकुटीला येतो. म्हणून वीट फोडायची. बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून हातोडीने खोआ पाडणाऱ्या बायकांच्या रांगा रस्त्याकडेला रोज दिसायच्या.

पण त्या फोडत काय होत्या? चांगल्या कामासाठी भट्टीतून निघालेली, जास्त भाजून काळपट आणि वेडीवाकडी झालेली वीट. 'झामा' म्हणतात तिला. बांधकामात ती नीट बसत नाही, पण दोन एकमेकींवर आपटल्या की खण्णकन वाजतात. तुमच्या विटा आपटून बघा. बहुतेकींचा आवाज भद्द येईल. त्यात मातीच्या सांध्याचा लेप, गिलाव्याचा चुना आणि कमरेइतका लोणा. तो लोणा म्हणजे क्षारच. ते सळईशेजारी नेऊन ठेवायचे आणि वर पुराच्या गावात राहायचं, हा उद्योग कशाला?

आता पाण्याचं बघा, खरी गोम तिथे आहे. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे एम-२० च्या, म्हणजे चौरस मिलिमीटरला वीस न्यूटन ताकदीच्या, ठरीव मिश्रणाला पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी. १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) धरलं तर पोत्यामागे खडी १०५ लिटर माप, विटांची असेल तर वजनाने शंभर किलोच्या आसपास. ती पंधरा टक्के पाणी पिणारी निघाली तर १५ लिटर, म्हणजे निम्मं पाणी खडीच्या पोटात गेलं. एका दमात सगळं जात नाही, पण पहिल्या पाच-दहा मिनिटांतच बरंच जातं. घमेल्यातला माल घट्ट होतो, वरून गवंडी ओरडतो, खालचा बिगारी मुकाट्याने बादली ओततो. आणि ती बादली कुठल्याच हिशोबात नसते. बाळूशेठच्या जादा सिमेंटच्या पाट्या त्या बादलीतच वाहून जातात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. खोआ आदल्या रात्री हौदात भिजवायचा आणि सकाळी निथळून वापरायचा, असा आमचा नेम. एप्रिलमधल्या एका रात्री ठेकेदाराच्या माणसाकडून भिजवायचा राहिला आणि सकाळी तो कुणाला बोललाही नाही. दुपारपर्यंत चार बीम भरून झाले. मी तेव्हा चहाला गेलो होतो, खोटं का बोलू. अठ्ठावीस दिवसांचे क्यूब (ताकद तपासायला त्याच मालाचे भरलेले ठोकळे) अकराच्या वर गेले नाहीत, हवे होते वीस. तोवर तळाच्या फळ्या निघाल्या होत्या. सळई उघडी आणि काँक्रीटचं नुसतं मधमाश्यांचं पोळं. चारही बीम घणाने फोडले. ते फोडताना खोआचा एक-एक तुकडा मधोमध चिरत होता. आपल्या काळ्या खडीच्या काँक्रीटमध्ये चीर दगडाला वळसा घालून जाते, तिथे सरळ विटेतून जाते.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. विटेच्या खडीचं काँक्रीट लवचीक असतं, क्यूब पास झाले तरी. तेवढ्याच जाडीचा स्लॅब जास्त झोल खातो आणि सुकताना आकसतोही जास्त. बंगालमध्ये हे धरूनच जाडी आणि गाळा ठरवायचे. तुमच्या इंजिनियरने ड्रॉइंग काढलंय ते काळ्या खडीचं. त्यात गुपचूप वीट घातली तर तो त्याचा स्लॅब राहत नाही.

नियमाचं थोडक्यात. आयएस ४५६ जास्त भाजलेल्या विटेची खडी फक्त बिनसळईच्या काँक्रीटला चालवतं, तेही पाणी पिण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आणि सल्फेट अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर. (पीओपी चिकटलेला राडा म्हणूनच नको.) आयएस ३८३ (खडी-वाळूचं मानक) च्या २०१६ च्या आवृत्तीत जुन्या काँक्रीटची खडी सळईच्या कामात वीस टक्क्यांपर्यंत, एम-२५ पर्यंत चालते. विटामिश्रित राड्याला मात्र तिथे शून्य. एम-१५ च्या खालच्या भरड कामात शंभर टक्के. जर्मनीने युद्धानंतर पडक्या शहरांच्या विटांची खडी करून घरं बांधली आणि १९५१ ला त्याचं मानक डीआयएन ४१६३ काढलं, हेही खरं. पण त्यांच्याकडे राड्याचे डोंगर होते आणि घरं नव्हती. तुमच्याकडे सह्याद्रीचा काळा दगड आहे, खाणी आहेत. नड काय आहे?

एक काम करा. पिवळट, लाल आणि काळपट अशा तीन विटा निवडा. पूर्ण कोरड्या करून वजन घ्या, २४ तास पाण्यात बुडवा, फडक्याने पुसून लगेच परत वजन घ्या. आकडे इथे टाका.

आणि मिस्त्रीला सांगा, बापाला नाही कळलं तरी क्यूबला कळतं.

कृष्णाकाठ:
काका, आकडे आणलेत. विटा गावातल्या बेकरीच्या भट्टीत रात्रभर ठेवल्या (बेकरीवाला मित्र आहे, दुसऱ्या दिवशी पावाला मातीचा वास आला म्हणून दोन शिव्या खाल्ल्या). वजन किराणा दुकानातल्या काट्यावर.

पिवळट: २.८४० वरून ३.४६०
लाल: ३.१२० वरून ३.६१०
काळपट: ३.३५० वरून ३.५८५

म्हणजे पिवळीने जवळजवळ बावीस टक्के पाणी प्यायलं, लालने पावणेसोळा, काळीने सात. काळ्या विटा शंभरात आठ-दहासुद्धा निघत नाहीत. पिवळी पाण्यात टाकली तेव्हा चांगला अर्धा तास बुडबुडे येत होते. वडील शेजारी खुर्ची टाकून बघत बसले होते. बोलले काहीच नाहीत, फक्त "भुसा कमी पडला होता त्या वर्षी" एवढंच म्हणाले.

स्लॅबचा नाद सोडला. पण विटांचं करू काय? फुटिंगखालच्या (पायाच्या तळाखालच्या) पीसीसीत, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटात, घालू का?

सेंट्रिंगवाला_बाळू:
बावीस टक्के!! वीट आहे का स्पंज. काका, छज्जाचं मनावर घेतलंय, उद्या जाऊन बघतो.

मालदा_रिटर्न:
नुसतं बघू नका, खालून हातोडी टकटक करा. पोकळ आवाज आला तर सळई फुगायला लागली समजा.

कृष्णाकाठ, एम-१५ च्या खालच्या पीसीसीला नियम आड येत नाही, पण फुटिंगखाली मी तरी घालणार नाही. तुमच्या काळ्या रानात तो खड्डा वर्षातले चार-पाच महिने ओला राहणार. तिथे दगडाची खडीच.

आधी लोणा चढलेल्या विटा वेगळ्या काढा. त्या कशालाच नकोत, वाटेवरच्या भरावाला टाका. उरलेल्यांतल्या अख्ख्या लाल विटा फोडूच नका, माती खरवडून कुंपणाला किंवा गोठ्याला लावा. फुटक्या लाल आणि काळ्यांचे तुकडे गच्चीच्या कोब्याला. आपल्याकडे विटांच्या तुकड्यांचा कोबा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. फक्त इंजिनियरला आधी सांगा, कारण चार इंची कोबा दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतो आणि तो भार ड्रॉइंगमध्ये धरलेला हवा. पिवळ्या बारीक करून जोत्याच्या भरावात.

आणि कोब्याचे तुकडे आदल्या रात्री भिजवा. ते काम मिस्त्रीवर सोपवू नका. वडिलांना सांगा, ते विसरायचे नाहीत.